चार मिनिटांचं कपाट

गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी अर्धा तास नुसता उभा होतो. काउंटरवर दोन डबे होते. एकात २ टीबीची हार्ड डिस्क, दुसऱ्यात १ टीबीची एसएसडी. मोबाइलवर दोन्हींच्या वेगाचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होतो. शेवटी दुकानदार कंटाळला.

"साहेब, ठेवायचंय काय यात?"

"आजीचा आवाज."

तो हसला नाही. म्हणाला, "मग स्पीड कशाला बघताय?"

डिसेंबर २०१० मध्ये मी गावी जाऊन आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. जात्याशिवाय तिला ओवी आठवेना, म्हणून अडगळीतलं जातं बाहेर काढलं. रिकामं फिरवलं की दगड दगडाला खातो, म्हणून तिने त्यात मूठभर ज्वारी टाकली. एकूण ४१ फायली झाल्या, प्रत्येक साधारण चार मिनिटांची. आज माझ्याकडे त्यातल्या ९ उरल्या आहेत. बाकीच्या ३२ कुठे गेल्या हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९५६ च्या सप्टेंबरमध्ये आयबीएमने '३०५ रॅमॅक' हा संगणक जाहीर केला. त्याच्यासोबतचं '३५०' नावाचं युनिट म्हणजे जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे ती घडली. दिसायला माणसाच्या उंचीचं कपाट, वजन टनाच्या आसपास. आत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत फिरायच्या. एकच दांडी वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठायची. एवढ्या पसाऱ्यात मावायची ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या हिशेबात पावणेचार एमबी. साध्या एमपी३ मध्ये जेमतेम चार मिनिटं, म्हणजे आजीची एक ओवी. कंपन्या ही यंत्रणा महिना ३,२०० डॉलर भाड्याने घ्यायच्या.

तिथून पुढचा हार्ड डिस्कचा इतिहास मुख्यतः जवळ जाण्याचा आहे. वाचणारं हेड तबकडीच्या जितकं जवळ, तितकी अक्षरं बारीक लिहिता येतात. रॅमॅकचं हेड दाबाच्या हवेवर तरंगत ठेवावं लागे. १९७३ च्या आयबीएम ३३४० मध्ये हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात गेल्या, धूळ बाहेर राहिली. यंत्र थांबलं की हलकं हेड वंगण लावलेल्या तबकडीवर अलगद टेकायचं. त्या यंत्राचं टोपणनाव 'विंचेस्टर' पुढे या सगळ्या जातकुळीलाच चिकटलं. १९८० मध्ये सीगेटने ५ एमबीची, सव्वापाच इंची डिस्क आणली आणि कपाट टेबलावरच्या संगणकात शिरलं.

१९८८ मध्ये अल्बर्ट फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना, स्वतंत्रपणे, चुंबकीय धातूंच्या अतिपातळ थरांचा एक गुण सापडला. अगदी क्षीण चुंबकीय फरकानेही त्या थरांचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो. १९९७ मध्ये असे हेड असलेली डिस्क बाजारात आली आणि क्षमता झपाट्याने वाढली. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. आज हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते टेकलं तर तबकडीवर ओरखडा उठतो आणि तिथलं लिखाण गेलं.

आता माझी गोष्ट. २०११ च्या शेवटी शहाणपण सुचलं, की एका डिस्कवर भरवसा नको, दुसरी घेऊ. याच लॅमिंग्टन रोडवर आलो, तर भाव जवळपास दुप्पट. थायलंडला पूर आला होता. डिस्क बनवण्यात चीनच्या खालोखाल तोच देश होता. ऑक्टोबरमध्ये बँकॉकच्या उत्तरेला बांग पा-इन इथला वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला. डिस्कच्या मोटारी बनवणाऱ्या निडेकच्या कारखान्यांनाही फटका बसला. मी मनात म्हटलं, भाव उतरले की बघू.

भाव उतरले तेव्हा मी विसरून गेलो होतो. २०१३ मध्ये आजी गेली. वर्षभराने डिस्क लावली तर आतून 'खट्, खट्' असा आवाज. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी महिनाभर खटपट केली आणि ९ फायली हातात दिल्या. पुराला दोष देता येत नाही. आळस माझाच होता.

मग आता एसएसडी का नको? तिच्यात फिरणारं काही नाही, पडली-आपटली तरी बहुधा टिकते. तिचं मूळ तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्याकडे जातं. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने नँड फ्लॅश जगासमोर मांडली. तिच्यात माहिती म्हणजे बंदिस्त कप्प्यांत अडकवलेले इलेक्ट्रॉन. दर वेळी पुसताना-लिहिताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. स्वस्तात जास्त जागा हवी म्हणून एका कप्प्यात आधी एक, मग दोन, तीन, चार बिट कोंबले गेले. चार बिट म्हणजे विद्युतभाराच्या १६ पायऱ्या नेमक्या ओळखायच्या. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात. रोजच्या लॅपटॉपला एसएसडीसारखं दुसरं काही नाही. पण ट्रंकेत ठेवायला ती माझ्या कामाची नव्हती.

हार्ड डिस्कमध्येही एक मेख आहे. काही डिस्कांवर माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. आजीच्या घराचं कौल बदलताना पाहिलंय मी: खालचं एक काढायला वरची रांग हलवावी लागते. तसंच इथे एक रेघ बदलायला शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सतत बदल होणाऱ्या कामाला ही रचना मंद पडते. एकदा लिहून ठेवायचं असेल तर चालते. २०२० मध्ये उघड झालं, की काही मॉडेलांबाबत कंपन्यांनी हे गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगितलंच नव्हतं. म्हणून डब्यावरच्या आकड्यांवर थांबू नका, मॉडेलचं माहितीपत्रक वाचा.

हे सगळं दुकानदाराला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "हार्ड डिस्कच द्या. पण दोन. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या."

एक माझ्याकडे आहे, दुसरी साताऱ्याला आत्याकडे, तांदळाच्या डब्यापासून लांब, कपड्यांच्या कपाटात. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही लावून फायली ऐकायच्या असं ठरलंय. एकेका डिस्कमध्ये पाच लाखांहून जास्त रॅमॅक मावतील. मी ठेवलेत फक्त नऊ.

परवा आत्याने फोन केला. नववी फाइल तिने तीनदा ऐकली म्हणे. "शेवटी जातं थांबल्यावर आई काहीतरी बोलते बघ," ती म्हणाली, "आवाज वाढवून ऐक."

ऐकलं. आजी विचारत होती, "झालं का रे तुझं भरून?"