‘शय्याव्रण’ : संज्ञा आणि आसन

मराठी वैद्यकीय लेखनात रूढ झालेली ‘शय्याव्रण’ ही संज्ञा इंग्रजी ‘बेडसोअर’ या शब्दाशी पदशः जुळणारी आहे. ‘डिक्युबिटस’ हा जुना पाश्चात्त्य शब्दही आडवे होणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला. दोन्ही नावे व्याधीचे कारण न सांगता रोग्याची स्थिती सांगतात. चाकांच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्याला हेच व्रण बसून होतात, याची त्यांत दखल नाही.

कारणाविषयीचा वाद एकोणिसाव्या शतकातला. ब्राउन-सेकार यांनी दाब व ओलावा यांकडे बोट दाखविले होते. शार्को यांनी पुढे मज्जासंस्थेच्या विकारातच या व्रणाचे मूळ मानले. शार्को यांचा अधिकार मोठा, म्हणून त्यांचे मत दीर्घकाळ टिकले. आणि जे अटळ मानले त्यावर उपाय कोण शोधतो? 1944 पासून इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलण्याचा दंडक घातला व व्रण टळतात हे दाखवून दिले. हा उपाय यंत्राचा नव्हे, घड्याळाचा होता.

परंतु खुर्चीत बसलेल्याची कूस बदलता येत नाही. शिवाय घडीच्या खुर्चीचे कापडी आसन झोळीसारखे खाली बसते व शरीराचा तोल एका बाजूस जातो. 1959 मध्ये मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, पाऱ्याच्या 60 मिलिमीटर इतका दाब केवळ एक तास राहिला तरी ऊतींत सूक्ष्म विकृती उत्पन्न होते. दाब आणि काळ यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, हे यातून निष्पन्न झाले.

1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील अभियंते रॉबर्ट ग्रेबी यांनी परस्परांशी जोडलेल्या हवेच्या पेशींची ‘रोहो’ ही उशी तयार केली. तिच्यात हवा अधिक झाली तर आसन ताठर होते, कमी झाली तर बैठकीचे हाड तळाला टेकते. म्हणून हात घालून तपासणे आलेच. उशी दाब विभागते, काळ मात्र तसाच राहतो. हातांवर क्षणभर उचलून घेण्याची जुनी शिकवणही अपुरी ठरली : 2003 च्या एका ब्रिटिश पाहणीत ऊतींतील प्राणवायू पूर्ववत होण्यास सरासरी सुमारे दोन मिनिटे लागली. इतका वेळ हातांवर तोलून राहणे बहुतेकांस अशक्यच. पुढे किंवा बाजूला झुकणे, अथवा मागे कलणारी खुर्ची, हाच व्यवहार्य मार्ग.

2016 मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळाने ‘प्रेशर अल्सर’ ऐवजी ‘प्रेशर इंज्युरी’ ही संज्ञा स्वीकारली. कारण पहिल्या अवस्थेत कातडी अभंगच असते. मराठीतील ‘व्रण’ शब्दात ही अवस्था बसत नाही, आणि तो ‘शय्ये’लाही अजून जोडलेलाच आहे.