दत्तक वैध, पण कशापुरते?

५ एप्रिल १८४८. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज मृत्युशय्येवर होते. औरस पुत्र नव्हता. प्राण जाण्यापूर्वी काही तास त्यांनी भोसले कुळातील एका मुलास दत्तक घेतले. आजचा थ्रेड त्या दत्तविधानाविषयी.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तकाचा गाभा म्हणजे जन्मदात्याने मुलगा देणे आणि दत्तक पित्याने तो स्वीकारणे. हे झाले, की मुलगा नव्या कुळाचा होतो. श्राद्धाचा अधिकार त्याचा, वारसाही त्याचाच.

मग अडले कोठे? २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराज आणि त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांना साताऱ्याचे राज्य निरंतर दिले होते. (तहावर कंपनीतर्फे सही करणारा कॅप्टन जेम्स ग्रँट म्हणजेच मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ!) मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याच्या मते तहातील 'वारस' या शब्दात दत्तकपुत्रही येत होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही. दत्तक खासगी मालमत्तेपुरता ग्राह्य; राज्यासाठी मात्र सार्वभौम सत्तेची संमती हवी, असा त्याचा पक्ष. १८४९ मध्ये सातारा खालसा झाले.

एकच विधी, एकच मुलगा. तिजोरीसाठी पुत्र, गादीसाठी परका.

डलहौसीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरंजामदारांच्या दत्तकाला वरिष्ठ सत्तेची मंजुरी आणि त्यासाठी नजराणा, ही रीत मराठी राज्यातही होती. परंतु सातारची गादी सरंजाम नव्हती. पेशवेपदाची वस्त्रे ज्या गादीकडून येत, तिनेच आता कोणाकडे परवानगी मागायची? शिवाय तह दोन पक्षांचा. त्याचा अर्थ लावणारा पक्ष एकच, आणि त्या अर्थाने राज्य मिळणार होते तेही त्यालाच. मला या प्रकरणात सर्वाधिक खटकते ते हे.

झाशीलाही हेच माप लागले. गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, दत्तक घेतला. दामोदरराव त्यांच्या खासगी संपत्तीचे वारस ठरले, राज्याचे नाही.

१८५७ च्या उठावानंतर धोरण पालटले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाचा अधिकार मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. विधी पूर्वीचाच होता. सातारा मात्र परत मिळाले नाही.