मेंढीचं जंतनाशक आणि चुकीची चाचणी

माझ्या संशोधनाच्या पहिल्या आराखड्यात मी प्रश्नाआधी चाचणी निवडली होती : ‘मेंढीच्या रक्तपेशींवर जंतनाशक, तपासणी कॉमेट चाचणीने.’ गाईडनी एकच विचारलं, “ही का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते या विषयाच्या इतिहासात सापडलं.

1961 मध्ये थायबेंडाझोल आलं. मेंढीच्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमाँकस कृमीवर ते जोरदार चाललं. पण 1964 मध्येच अमेरिकेत त्याला दाद न देणारे कृमी सापडले. मग याच बेंझिमिडाझोल गटातली नवी औषधं येत गेली. त्यातल्या पार्बेंडाझोलमुळे गाभण मेंढ्यांच्या कोकरांत व्यंगं दिसली. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात मेंढीला अल्बेंडाझोलही देऊ नये असं सांगतात.

मग ही औषधं डीएनए बिघडवतात का? त्याच काळात, 1973 च्या सुमारास, ब्रूस एम्स यांची जिवाणूंवरची चाचणी गाजत होती. झटपट आणि स्वस्त. पण गंमत बघा : ही औषधं मुख्यतः ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतू त्याचेच बनतात. कृमीचं ट्यूब्युलिन आधी सापडतं, पण मात्रा वाढली की सस्तन प्राण्याचंही. जिवाणूत तर्कुतंतू नसतातच! मग तिथला ‘निगेटिव्ह’ निकाल मेंढीबद्दल काय सांगणार?

इथे मायक्रोन्यूक्लियस चाचणी कामाला आली. मागे राहिलेलं गुणसूत्र किंवा त्याचा तुकडा पेशीत छोटं वेगळं केंद्रक बनवतो. 1985 मध्ये फेनेक आणि मॉर्ली यांनी सायटोकॅलेसिन-बी वापरून पेशी दोन केंद्रकांवरच थांबवली. त्यामुळे एकदाच विभागलेल्या पेशी ओळखून मोजता येऊ लागल्या. त्या छोट्या केंद्रकात कायनेटोकोअर रंगला, तर बहुधा अख्खं गुणसूत्र. नाही, तर तुटका तुकडा.

हा फरक किरकोळ नाही. तर्कू बिघडायला ट्यूब्युलिनचे बरेच रेणू अडवावे लागतात. म्हणून अशा औषधाला एक उंबरठा असतो, त्याखालच्या मात्रेबद्दल बोलता येतं. डीएनएवर थेट घाव घालणाऱ्या औषधाबाबत तसं सहज म्हणता येत नाही.

आणि माझी कॉमेट? ती डीएनएमधले तुटवे दाखवते. अख्खं गुणसूत्र हरवलं तर तिला पत्ताही लागत नाही. आता आराखड्यात दोन्ही चाचण्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे एक ओळ : ‘ही का?’ तुमच्या आराखड्यातही ती ओळ आधीच लिहून ठेवा.