न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर : न्यायासनावर आणि न्यायासनानंतर

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या एतद्देशीय न्यायमूर्तींनी न्यायदानाबरोबरच लोकजागृतीचेही कार्य केले, त्यांत रानडे व तेलंग ही दोन नावे मराठी वाचकाच्या ओठांवर असतात. त्याच परंपरेतील तिसरे नाव सर नारायण गणेश चंदावरकर यांचे. पण ते घेताना आपला स्वर काहीसा अडखळतो. सुधारकांना ते आपले वाटतात, राष्ट्रीय पक्षाच्या अभिमान्यांना परके. आमच्या मते या दोन्ही भावना बाजूस ठेवून त्यांच्या चरित्राकडे पाहिले, तर न्यायाधीशाची लोकसेवा कोठवर जाऊ शकते आणि कोठे अडते, याचा फार मोलाचा पाठ त्यातून मिळतो.

चंदावरकरांचा जन्म 2 डिसेंबर 1855 रोजी होन्नावर येथे सारस्वत कुटुंबात झाला. त्या वेळी कानडा प्रांत मद्रास इलाख्यात होता. त्याचा उत्तर भाग 1862 साली मुंबई इलाख्यास जोडला गेला. या प्रशासकीय फेरफारामुळे तेथील होतकरू तरुणांची वाट मुंबईकडे वळणे सुलभ झाले. चंदावरकर याच वाटेने आले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि 1878 पासून सुमारे अकरा वर्षे ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादक राहिले. याच काळात 1881 साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सीमेवरच्या मुलुखातून आलेल्या या गृहस्थाने मुंबईतील मराठी सुधारकांच्या वर्तुळाला आपले घर मानले, ही गोष्ट आमच्यासारख्या सीमाभागातील वाचकांनी विसरू नये.

1885 साली इंग्लंडमधील सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारास हिंदुस्थानची गाऱ्हाणी तेथील मतदारांपुढे मांडण्यासाठी तीन प्रतिनिधी पाठविण्यात आले. बंगालचे मनमोहन घोष व मद्रासचे रामस्वामी मुदलियार यांच्याबरोबर मुंबईचे प्रतिनिधी म्हणून चंदावरकर गेले. पुढे 1900 सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि त्यानंतर लवकरच, 1901 साली, उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद. त्याच वर्षी जानेवारीत रानडे निवर्तले होते. सामाजिक परिषदेचे काम आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाची धुरा या दोन्ही जबाबदाऱ्या चंदावरकरांकडे आल्या. रानड्यांचा वारसा पेलणे म्हणजे काय, हे त्यांना पुढची बावीस वर्षे अनुभवावे लागले.

त्यांच्या न्यायाधीशपणाच्या काळातील दोन प्रकरणे महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. पहिले ताईमहाराज प्रकरण. औरंगाबाद येथे 1901 साली झालेल्या दत्तविधानावरून उद्भवलेल्या या दाव्यात खालच्या न्यायालयाने लोकमान्य टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता. चंदावरकर व हीटन यांनी तो 1910 साली फिरविला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. 1915 साली प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून टिळकांची बाजू उचलून धरली. दुसरे नाशिक कटाचे प्रकरण. 1908 च्या खास कायद्यान्वये ज्यूरीवाचून चाललेल्या या खटल्यात मुख्य न्यायाधीश स्कॉट, चंदावरकर आणि हीटन हे तिघे बसले होते. डिसेंबर 1910 मध्ये त्यांनी विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

या दोन निकालांनी चंदावरकरांची लोकप्रियता कायमची उणावली. पण येथे एक भेद केला पाहिजे. पहिल्या प्रकरणात त्यांची चूक झाली असे वरिष्ठ न्यायसंस्थेनेच ठरविले. परंतु चूक म्हणजे पक्षपात नव्हे. दुसऱ्या प्रकरणातील कायदा त्यांनी केलेला नव्हता. तो अमान्य असता तर पद सोडणे एवढाच मार्ग होता. तो त्यांनी पत्करला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पद स्वीकारले की त्या पदाचे ओझेही स्वीकारावे लागते, एवढेच यावरून म्हणता येईल.

न्यायासनावर असतानाही त्यांचे सामाजिक कार्य थांबले नव्हते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी याच काळात भूषविले. प्रार्थना समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी ऑक्टोबर 1906 मध्ये मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्ष चंदावरकर झाले. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती अस्पृश्य मुलांच्या शाळेचा पाठीराखा म्हणून उभा राहतो, या घटनेचे त्या काळातील वजन आज आपल्याला सहज उमगणार नाही. शिंद्यांची तळमळ आणि चंदावरकरांची प्रतिष्ठा यांचा हा संयोग कार्याला पोषक ठरला.

उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर 1913 साली ते इंदूरच्या होळकर संस्थानचे दिवाण झाले. पण तेथे त्यांचा मुक्काम अल्पकाळच राहिला. मुंबईस परतून त्यांनी नेमस्त राजकारणात पुन्हा पाऊल टाकले. येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग येतो. बंगालमधील स्थानबद्धांची प्रकरणे तपासण्यासाठी सरकारने 1918 साली न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट व चंदावरकर यांची समिती नेमली. समितीने 806 प्रकरणे पाहिली आणि केवळ सहा जणांच्या सुटकेची शिफारस केली. साक्षीदारांची खुली उलटतपासणी नाही, पुरावा सरकारी कागदांतला. आणि तरीही निवृत्त न्यायमूर्तीच्या सहीने त्या स्थानबद्धतेला न्यायाचे रूप आले. नाशिकच्या खटल्यात ते पदाने बांधलेले होते. येथे ते मोकळे होते. म्हणून आमच्या मते त्यांच्यावरचा खरा आक्षेप नाशिकचा नसून बंगालचा आहे.

परंतु चरित्र येथे संपत नाही. जालियनवाला बागेतील हत्याकांडाविषयी हंटर समितीचा अहवाल 1920 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ मुंबईत भरलेल्या सभेचे अध्यक्षपद चंदावरकरांनीच स्वीकारले. त्या सभेत ठराव मांडणाऱ्यांत गांधीजी होते. दोन वर्षांपूर्वी सरकारी कागदांवर विसंबणारा हा पुरुष आता सरकारी अहवालाविरुद्ध उभा राहिला. या विसंगतीचे मूळ आम्हांस असे दिसते, की पंजाबातील पुरावा सर्वांसमोर उघडा होता, बंगालचा बंद होता. पुरावा उघड्यावर आला की चंदावरकरांचा न्यायविवेक जागा होई; तो झाकलेला असला, की राज्यकर्त्यांच्या सचोटीवरील नेमस्तांचा जुना विश्वास त्यांना भोवे.

1921 साली सुधारणा कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या मुंबई कायदे कौन्सिलाचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच पदावर असताना 14 मे 1923 रोजी त्यांचे निधन झाले. प्रार्थना समाजाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे अखेरपर्यंत होते.

निवृत्त न्यायाधीशांना चौकशी समित्यांवर नेमण्याची प्रथा स्वतंत्र भारतातही दृढ झाली आहे. सरकारला अशा समितीत हवे असते ते बहुधा त्या व्यक्तीने आयुष्यभर जमविलेले नाव. चंदावरकरांनी ते नाव अस्पृश्यांच्या शाळेसाठी वापरले तेव्हा समाज पुढे सरकला. बंगालच्या बंद कागदांसाठी ते वापरू दिले तेव्हा आठशे माणसे कोठडीतच राहिली. विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र सांगताना शिक्षकांनी या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्यात. एक गाळून दुसरी सांगणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि इतिहासावरही.