विंगवरच्या इलॅस्टिकची कुळकथा

सुरुवातीच्या स्कूबा पाणबुड्यांच्या पाठीवर सिलिंडर होता, फुगा नव्हता. 1943 साली झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं, तेव्हा पाण्यात एका पातळीवर टिकून राहायला कमरेचं शिसं आणि स्वतःची फुप्फुसं एवढीच साधनं होती. 1961 मध्ये मोरिस फेंझी या फ्रेंच माणसाने गळ्यात अडकवायचा फुगा आणला. पुढे तो अंगावरचं जाकीट झाला आणि 1970 च्या दशकात पाठीवरही गेला.

पाठीवरच्या या फुग्याला, म्हणजे विंगला, आजचं रूप आलं ते उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमुळे. तिथे पाणबुड्याला सपाट आडवं राहावंच लागतं. पाय जरा खाली गेले की तळाचा गाळ उसळतो आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. 1979 च्या सुमारास ग्रेग फ्लॅनगन यांनी धातूची बॅकप्लेट बनवली, बिल हॉगार्थ मेन यांनी तिच्यावरचा पट्ट्यांचा साज सुटसुटीत केला. प्लेट आणि सिलिंडर यांच्या मध्ये विंग बसली. तिला अजून इलॅस्टिकच्या दोऱ्या नव्हत्या.

दोऱ्या ठळकपणे आल्या त्या 1990 च्या दशकात, खोल पाण्यातल्या बुडालेल्या जहाजांकडे जाणाऱ्या पाणबुड्यांच्या सामानातून. पाठीवर पोलादी सिलिंडरची जोडी, कुशीला आणखी एखाद-दोन. एवढ्या ओझ्याला मोठा फुगा हवा, असा हिशेब झाला. अमेरिकेच्या ओएमएस कंपनीच्या मोठ्या विंग सुमारे 45 किलो उचलणाऱ्या होत्या, काहींत तर एकावर एक असे दोन फुगे. एवढा फुगा क्वचितच पूर्ण भरावा लागे. उरलेलं कापड पाण्यात फडफडायचं आणि सिलिंडरभोवती वर वळायचं. म्हणून विंगच्या कडेने कड्या लावून त्यांतून इलॅस्टिकची दोरी ओवली. हवा काढली की दोरी फुगा आवळून धरते. फुगा आटोपशीर राहतो, हवा लवकर बाहेर पडते, आणि रिकामी विंग हार्मोनियमच्या भात्यासारखी मिटते.

दोरीच्या समर्थकांचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते खोटं नाही. पण दोरी फुग्याला सतत आत दाबत असते, आणि पुढची सगळी दुखणी तिथूनच येतात.

फुगा खालच्या बाजूला फाटला असं धरू. दोरी नसलेल्या विंगमध्ये आतला दाब आसपासच्या पाण्याइतकाच असतो. हवा वर गोळा होते आणि भोकाच्या वरच्या भागात बरीचशी टिकते. दोरी असेल, तर ती तीच हवा पिळून भोकातून बाहेर ढकलते. पाण्याच्या पृष्ठभागावर सिलिंडर रिकामा असताना तोंडाने फुंकून फुगा भरायची वेळ आली, तर दमलेल्या माणसाला पाण्याबरोबर रबराशीही झगडावं लागतं. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. आवळलेल्या कापडाला पडलेल्या घड्यांत हवा अडकते. वर येताना ती फुगत जाते. 30 मीटरवरचा एक लिटर पृष्ठभागावर चार लिटर होतो. पाणबुडा हवा सोडणाऱ्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढतो, पण घडीपलीकडची हवा व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. शिवाय सुरकुतलेली कड गुळगुळीत कडेपेक्षा पाण्याला कमी अडवते, यावर माझा विश्वास नाही.

दोन फुगे का, याचं उत्तर मात्र सहानुभूतीने ऐकायला हवं. जाड पोलादी सिलिंडर आणि निओप्रीनचा वेटसूट घालून खोल गेलं की पाण्याच्या दाबाने सूट चेपतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती जाते. अशा वेळी एकमेव फुगा फाटला, तर वर येणं अवघड होतं. दुसरा फुगा ही त्या भीतीची तजवीज होती. फ्लोरिडाच्या गुहांतल्या पाणबुड्यांचं, त्यातही जॉर्ज आयर्विन यांच्या गटाचं म्हणणं वेगळं होतं: मुळात ओझंच असं निवडा की फुग्याविना वर येता येईल, आणि हवा भरता येणारा ड्रायसूट घाला. त्यांनी दोऱ्यांच्या विंगची जाहीर टिंगल केली. टिंगलीचा सूर मला आवडत नाही, युक्तिवाद पटतो.

कारण आकडे त्या बाजूचे आहेत. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला साधारण 2,400 लिटर हवा मावते. तिचं वजन तीन किलोच्या आत-बाहेर. जोडीचं सहा किलो. श्वासाबरोबर संपत जाणारं हे वजनच सुरुवातीला फुग्याला उचलावं लागतं. त्यात चेपलेल्या सुटाचा तोटा आणि थोडी राखीव उचल धरली, तरी ओझं नीट तोललेल्या पाणबुड्याला 45 किलोच्या जवळपासही जावं लागत नाही. लहान विंगला आवळायला काही उरतच नाही.

आज जोडसिलिंडरच्या बहुतेक विंग दोऱ्यांविना येतात. पाठीवर फुगणाऱ्या काही करमणुकीच्या जाकिटांत, उदाहरणार्थ झीगलच्या रेंजरमध्ये, इलॅस्टिक टिकून आहे. तिथे सिलिंडर एकच असतो आणि पाणी फार खोल नसतं. सिलिंडर कुशीला लावणाऱ्या साइडमाउंटमध्ये तर बंजीशिवाय, म्हणजे अशाच इलॅस्टिकच्या दोरीशिवाय, चालतच नाही, पण तिथे तिचं मुख्य काम सिलिंडरची मान अंगाशी धरून ठेवण्याचं आहे.