ए.कु.मॅ. : सातबारावरची तीन अक्षरं

जळगाव जामोदची जमीन जागची हलली नाही, तिच्यावरची सरकारं मात्र बदलत गेली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९०५ मध्ये हा तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आला. स्वातंत्र्यानंतर आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६ ला मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणून आमच्याकडे जुनी नोंद शोधायची तर ‘१९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणा’ म्हणतात. माझ्या पुण्याच्या मित्रांनी हा शब्दही ऐकलेला नसतो.

दर बदलात कोणीतरी जुन्या कागदावरून नव्या कागदावर उतरवून घेतलं. आमच्या धंद्यात याला डेटा मायग्रेशन म्हणतात, आणि ते करताना भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

त्यात हे रेकॉर्ड मुळात मालकी ठरवायला बनलंच नव्हतं. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात मोजणीची जी पद्धत बसवली, ती १८६१ पासून वऱ्हाडात आली. शेताला नंबर, नंबराला आकार, आकारापुढे खातेदार. सरकारचा प्रश्न एकच होता: सारा कोणाकडून घ्यायचा? एकत्र कुटुंबात त्यासाठी एक नाव पुरायचं. पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची.

आमच्या हस्तलिखित सातबारावर मोठ्या काकांच्या नावापुढे ही तीन अक्षरं आहेत. मोबाइलवर दिसणाऱ्या सातबारात नाहीत. टाइप करताना गळाली. अशा चुका सापडाव्यात म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, पण आत्या तेव्हा सासरी, आणि तिला कोणी बोलावलं नाही. आता ती विचारते, “कोर्टात गेलं तं नाव लागते ना रे?”

सरळ लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचं कलम १५७ म्हणतं, नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. कलम १५८ म्हणतं, नोंद घाला, काढा किंवा बदला असा दावा सरकारवर लावता येत नाही. उरलं कलम १५५. लेखनातली चूक किंवा संबंधितांनी मान्य केलेली चूक त्याखाली केव्हाही दुरुस्त होते. मुदतीची अट नाही. अर्ज तहसीलदाराकडे. आत्याची केस इथेच मिटायला हवी, कारण जुनी प्रत हातात आहे.

पण काका उद्या म्हणाले, ‘वाटणी कधीच झाली, हे माझंच’, तर ती लेखनातली चूक राहत नाही, हक्काचं भांडण होतं. ते तहसीलदाराने ठरवायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर प्रकरणात म्हटलं की फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. २०२१ मध्ये जितेंद्र सिंह प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. मालकी ठरवणार दिवाणी न्यायालय. तिथे वाटणीचा दावा लागतो, हक्क जाहीर करून मागता येतो, आणि वर्षं जातात.

ही विभागणी मला तत्त्वतः पटते. तहसीलदाराच्या एका आदेशाने मालक बदलू लागले, तर वजनदार माणसांच्या शेजारची शेतं फार दिवस टिकणार नाहीत. पण अक्षरं गाळली यंत्रणेने आणि ते सिद्ध करायचं साठीतल्या बाईने, हे पटत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या मिळकतीत वारस झाली, तरी कागद अजून मॅनेजर शोधतोय.

निकाल लागला तरी न्यायाधीश सातबारावर पेन चालवत नाही. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन पटवाऱ्याकडे जायचं (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), नवा फेरफार घालायचा, सगळ्यांना नोटीस, मग मंजुरी. जुना फेरफार खोडत नाहीत. तो त्याच्या नंबरासकट तसाच नोंदवहीत राहतो, नवा त्याच्यानंतर येतो.