एक खांब, दोन अँटेना

चिचगडच्या आमच्या घरावर एक लोखंडी पाइप होता आणि त्या एकाच पाइपावर दोन अँटेना. एकाचं तोंड मावळतीला नागपूरकडे, दुसऱ्याचं उगवतीला रायपूरकडे. साल १९८७. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की आमच्या ओसरीत अर्धा मोहल्ला जमायचा. त्यात अम्मीच्या मैत्रिणी असत, शेजारची गोंड कुटुंबं असत आणि बाजारातले दुकानदारही. दोन्ही शहरं हवाई अंतराने शंभर किलोमीटरहून लांब. त्यामुळे त्या दिवशी कुठलं केंद्र दिसेल, हे हवाच ठरवायची.

रायपूरला आमच्याआधी टीव्ही कसा आला, यालाही इतिहास आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात उपग्रहावरून खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. निवडलेल्या भागांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं रायपूर होतं. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये तिथे जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. छपरावर आम्ही लावलेला माशाच्या काट्यासारखा अँटेना मात्र जपानचा. १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी तो जगापुढे मांडला. ज्या दिशेला तोंड, तिकडचंच तो नीट पकडतो. म्हणून दोन शहरांसाठी दोन अँटेना लागले. पाइप मात्र महाग, तो एकच परवडला.

अब्बांनी सुरुवातीला दोन्ही अँटेनांच्या तारा एकत्र पिळून टीव्हीला जोडल्या. त्यांना वाटलं, दोन मिळून दुप्पट चित्र येईल. झालं उलटंच. प्रत्येक माणसामागे त्याचंच भूत दिसू लागलं. देवरीहून आलेल्या मेकॅनिकचाचांनी कारण सांगितलं. जो अँटेना लहर पकडतो, तोच ती परत फेकूही शकतो. त्यामुळे एकाने कमावलेलं दुसऱ्यातून सांडतं. शिवाय एकच लहर दोन वाटांनी, मागेपुढे पोहोचली की चित्र दुहेरी होतं. त्यांनी दोन्ही केबली वेगळ्या केल्या, खाली एक बटण बसवलं आणि वरचा अँटेना हातभर आणखी वर सरकवला. आमच्या चॅनलची लहर पावणेदोन मीटरच्या आसपास होती. दोन अँटेनांत निदान अर्ध्या लहरीचं अंतर हवं, पूर्ण लहरीचं असेल तर उत्तम. एका खांबावर नांदायचं तर अंतर राखावं लागतं, हे मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी छपरावर शिकलो.

मोठ्या शहरांनीही हेच केलं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर १९६५ मध्ये अनेक एफएम केंद्रांसाठी सामायिक अँटेना बसला. आपल्याकडे मोबाइल आल्यावर प्रत्येक कंपनीने आधी आपापला टॉवर उभारला. मग खर्च डोईजड झाला. २००७ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या स्पर्धकांनीच मिळून इंडस टॉवर्स काढली. एप्रिल २००८ मध्ये दूरसंचार विभागाने टॉवरच नव्हे, तर अँटेना आणि केबलसुद्धा वाटून घ्यायला मुभा दिली. आज टॉवरखाली उभं राहून वर पाहिलं तर थर दिसतात. तीन दिशांना तोंड केलेले उभे पट्टे, कुठे गोल डिश, माथ्यावर विजेचा दांडा. प्रत्येकाची उंची ठरलेली, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी.

जंगलभागासाठी ही वाटणी वरदान ठरली. जिथे गिऱ्हाइकं थोडी, तिथे एकट्या कंपनीला टॉवर परवडत नाही. नक्षलग्रस्त भागांत तर सरकारला स्वतःच्या पैशाने टॉवर उभारावे लागले. २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणांना २जी वरून ४जी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

पण याला दुसरी बाजू आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचा वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा कोसळला, तेव्हा त्याच्या माथ्यावरच्या अनेक टीव्ही केंद्रांचं प्रक्षेपण एका क्षणात बंद पडलं. ज्याने एम्पायर स्टेटवर राखीव अँटेना ठेवला होता, ते चालू राहिलं.

आमच्याकडचा अनुभव लहान, पण जातीचा तोच. मागच्या पावसाळ्यात रात्री शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या. घरात दोन कंपन्यांची सिमं होती. एक गेलं तर दुसरं, हा भरवसा. दोन्ही एकाच वेळी मुकी. दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर होते आणि टॉवरची वीज गेली होती. १०८ ला फोन लागेना. शेवटी पोरं मोटारसायकलवर जीप आणायला गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ते नशिबाने.

म्हणून दुसरं सिम घेताना स्वस्त प्लॅन विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: याचा अँटेना कुठल्या टॉवरवर आहे? आणि ग्रामसभेत मागणी करा, सामायिक टॉवरला पुरेशी बॅटरी हवी आणि निदान एक सेवा वेगळ्या टॉवरवर हवी. खांब वाटून घ्यावा, त्यात शहाणपण आहे. पण गावाचा सगळा आवाज एकाच खांबाला टांगून ठेवू नये.

आमचा पाइप अजून छपरावर आहे. अँटेना कधीच उतरले. आता त्याला कपडे वाळवायची दोरी बांधलेली असते.